नव्यासारखं तेल

मुंगीने मंगळवारी सकाळीही तोंड उघडलं नाही. ताईने बशीत मऊ भात कालवून आणला, फुंकर घालून निववला, चमचा ओठांपर्यंत नेला. मुंगीने ओठ घट्ट मिटले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

मुंगी म्हणजे माझी भाची. सात वर्षांची. तिचं खरं नाव चांगलं लांबलचक आहे, पण साखरेचा डबा कुठेही लपवला तरी ही तिथे पोचतेच, म्हणून मीच तिची मुंगी करून टाकली. आता तीच मुंगी साखरेच्या चमच्याकडेही बघायला तयार नव्हती.

"खा गं राणी. एकच घास," ताई म्हणाली.

"कशामुळे झालं ते सापडलं?"

"अजून नाही गं."

"मग नको."

शनिवारपासून आमच्याकडे हेच चाललं होतं. पाणी तेवढं ती प्यायची, तेही तिच्यासमोर झाकण उघडलेल्या बाटलीतलं. दूध नको, फळ नको, बिस्किटाचा बंद पुडासुद्धा नको. आम्ही लाडीगोडी लावून बघितली, रागावून बघितलं. मी तर एकदा तिच्यासमोर बसून अख्खी वाटी भात खाऊन दाखवला. तिने शांतपणे बघितलं आणि म्हणाली, "तुला काही होत नाही रे मामा. मला होतं."

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि आम्हा दोघांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की हा हट्ट नाही, लाडही नाहीत. पोरीचा श्वास एकदा बंद पडता पडता राहिला आहे, आणि कशाने ते तिला कुणी सांगू शकत नाही. तिच्या जागी कुणीही असंच केलं असतं. मंगळवारी संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. ताईने मान हलवली. रस्त्यावर आल्यावर मात्र ती एका दुकानाच्या पायरीवरच मटकन बसली. "माझ्या लेकीला मी नळीने भरवू?" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी आपला तिच्या डोक्यावर माझी सावली पडेल असा उभा राहिलो.

मी काही शांत माणूस नाही, हे आधीच सांगतो. दिवसभर तळणीपुढे उभा राहणारा माणूस शांत असूच शकत नाही. आणि ते तीन दिवस माझ्या डोक्यात नुसती तिडीक होती. माझ्यावर, ताईवर, डॉक्टरांवर, बटाट्यावर.

आमचं दुकान तळणीचं. मासे, कोळंबी, कोंबडी, बटाटा. खाली दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. भावोजी गेल्यापासून ताई आणि मी मिळून ते चालवतो. कढया दोन. थोरलीत मासे आणि कोळंबी आणि बाकी सगळं, धाकटीत फक्त बटाटा. ही वाटणी गिऱ्हाइकांसाठी नाही, मुंगीसाठी आहे. ती अगदी लहान असताना कुणाचं लक्ष नाही बघून तिने ताटातली एक कोळंबी तोंडात टाकली होती. तिचा गळा आतून सुजला आणि आम्ही तिला जवळजवळ घालवूनच बसलो होतो. तेव्हापासून धाकट्या कढईचा झारा वेगळा, जाळी वेगळी, पुसायचं फडकं वेगळं. थोरलीवर काम केलेला हात साबणाने धुतल्याशिवाय धाकटीकडे न्यायचा नाही. एकदा मी विसरलो, तर ताईने सगळ्या गिऱ्हाइकांसमोर माझ्या मनगटावर झारा हाणला होता. वर म्हणाली, "पुढच्या वेळी गरम असेल."

आणि या सगळ्यावर पहारा ताईच्या नाकाचा. ताईचं नाक म्हणजे आमच्या घरातलं पोलीस खातं. तेलावरचं झाकण उचललं की ती हातभर अंतरावरून सांगायची, हे कुठल्या कढईतलं, यात सकाळी काय पडलं, हे आणखी एक दिवस चालेल की नाही. माझे मित्र तिला घाबरायचे. बाहेर काय खाल्लं, काय ओढलं, सगळं तिला दारातच कळायचं. मी तिला चिडवायचो, की तुझं नाक गहाण ठेवलं तर दुसरं दुकान उघडता येईल.

मग गेल्या वर्षी तो पावडरवाला आला. इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग. मी त्याला आधी उडवूनच लावलं. तेलात पावडर घाला म्हणे! आम्ही जन्मभर तेलातून पीठ काढत आलो आणि हा त्यात पावडर घालायला सांगतोय. पण तो चिकट निघाला. त्याने थोरलीतलं चार दिवस वापरलेलं, काळपट तेल मागून घेतलं, त्याच्याजवळची पांढरी पावडर त्यात घातली, ढवळत राहिला, मग कागदातून गाळलं. कागदावर काळा चिखल राहिला आणि खाली जे उतरलं ते मी उजेडाला धरून बघितलं. सोनेरी, आरपार दिसणारं तेल. वास घेतला, तर वास नाही. दगडापासून केलेली भुकटी आहे, तो म्हणाला, ती रंग, वास आणि आंबटपणा धरून ठेवते, तेल सोडून देते.

त्या दिवसापासून मी त्या पावडरीच्या प्रेमातच पडलो म्हणा ना. रोज दुपारी गर्दी ओसरली की गॅस बंद करायचा, तेल जरा निवू द्यायचं, पावडर घालून ढवळायचं, गाळणीच्या भांड्यावर कागद पसरून पंपाने ओढायचं आणि नळीने परत कढईत सोडायचं. थोरलीचं भांडं वेगळं, धाकटीचं वेगळं, दोन्हींचे कागद वेगळे. त्यात मी कधी कसूर केली नाही. तेल जास्त दिवस चालायला लागलं, तळलेलं काळं पडेना, दुकानातला तो कोंदट वास गेला. गिऱ्हाइकांना मी तेल ग्लासात घालून दाखवायचो. ताई कपाळाला हात लावायची. "लग्न तर झालं नाही तुझं. त्या तेलाशीच लाव आता."

शनिवारी दुपारी थोरलीची तोटी गळायला लागली. तेल गाळून झालं होतं, पण कढई रिकामी केल्याशिवाय तोटी खोलता येईना. म्हणून मी गाळलेलं तेल झाकणाच्या स्टीलच्या बादलीत काढलं, बादली ओट्यावर ठेवली आणि वॉशर आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेलो. तिथला माणूस एका गिऱ्हाइकाशी नळाच्या तोट्यांवरून वाद घालत बसला होता, त्यामुळे वेळ गेला. परत आलो तोवर मुंगी शाळेतून आली होती आणि स्टुलावर बसून बटाटे खात होती. गरम होते, ती एकेक काप हवेत हलवून निववत होती. माझ्याही तोंडात एक काप कोंबला तिने. मी वॉशर बसवला, बादलीतलं तेल थोरलीत ओतलं. थोडं कमी वाटलं, पण पावडर थोडं तेल पितेच, त्यात नवीन काय.

मग मुंगी खोकली. पुन्हा खोकली. मी म्हणालो, हळू खा गं, कुणी पळवून नेत नाहीये. तिने माझ्याकडे वळून बघितलं तेव्हा तिचे ओठ सुजलेले होते. तिला काही बोलायचं होतं आणि आवाज फुटत नव्हता. ती स्टुलावरून घसरली ती सरळ माझ्या पायाशी.

मी तिला नुसतं हलवत बसलो. ताईने दप्तर उपडं केलं, त्यातलं अशाच वेळेसाठी ठेवलेलं इंजेक्शनचं पेन काढलं आणि फ्रॉकवरूनच मांडीत खुपसलं. मग तिला उचलून ती रस्त्यावर धावली, अनवाणी. मी मागून धावलो. कुणाची गाडी होती, कोण आम्हाला घेऊन गेलं, मला आजही सांगता येणार नाही. गाडीत मुंगीच्या छातीतून जो आवाज येत होता तो मात्र माझ्या कानातून जात नाही.

ती वाचली. रविवारी तिला घरी सोडलं. डॉक्टरीणबाई विचारत राहिल्या, "कोळंबीशी कुठे संबंध आला?" आणि आम्ही दोघं शपथेवर सांगत राहिलो, कुठेच नाही. बटाटा, मीठ, धाकट्या कढईतलं तेल, वरून घातलेलं थोडं नवं तेल. बस. ताई हे इतक्यांदा म्हणाली की मला ते पाठ झालं. बटाटा, मीठ, नवं तेल.

मग दुसरं काय राहिलं? माझी पावडर.

"ती तुझी भुकटी!" ताई रविवारी दुकानात ओरडली. "दगडाची भुकटी तेलात घालतोस आणि माझ्या पोरीला खाऊ घालतोस! विष आहे ते विष!" तिने धाकट्या कढईतलं सगळं तेल काढून टाकलं, बटाट्यांचं पोतं बाहेर फेकलं, साबण फेकला, मीठसुद्धा फेकलं. मग पावडरीच्या पिशवीला हात घातला. मी पिशवी ओढली. शब्दाने शब्द वाढला. शेवटी माझं असं डोकं फिरलं की मी चमचाभर पावडर घेतली आणि तिच्यासमोर तोंडात टाकली. "घे! मेलो का? मेलो?" मी ओरडलो, पण ओरडता कुठलं येतंय, ती टाळ्याला चिकटली आणि मला ठसका लागला. तोंडातून पांढरा धूर निघत होता. दुसऱ्या कुठल्याही दिवशी ताई हसून हसून लोळली असती. त्या दिवशी ती रडायला लागली. मी तिला पाण्याचा ग्लास द्यायचा सोडून स्वतःच घटाघटा पाणी पीत होतो.

पावडरवाल्याला फोन केला. त्याला जे मनात येईल ते बोललो. तो बिचारा म्हणाला, "दादा, त्यात फक्त खनिज आहे हो. त्यात कोळंबी कुठून येणार?" मी फोन आपटला. कोळंबी कुठून येणार! जसं काही मी त्याला तेच विचारत नव्हतो.

मंगळवारी सकाळी भाताची ती बशी तशीच परत आली आणि मी खाली दुकानात गेलो. दुकान बंद होतं, पण हाताला काहीतरी चाळा हवा होता. वाटलं, धाकटी कढई घासूनपुसून ठेवावी, नवं तेल भरावं. मुंगीला उचलून आणून दाखवावं, की बघ, सगळं नवं, कढई नवी, तेल नवं, तुझ्यासमोर डबा फोडतो. बाटलीचं झाकण समोर उघडलं की ती पाणी पिते ना, मग कदाचित हेही चालेल. बुडत्याला काहीही आधार वाटतो.

मागच्या खोलीत तेलाचे पत्र्याचे डबे होते. शुक्रवारी आलेले. मी एक डबा ओढला आणि सळई लावणार तेवढ्यात थांबलो. सगळे डबे बंद होते. एकाचंही सील तुटलेलं नव्हतं, वरची प्लॅस्टिकची पट्टी जशीच्या तशी. शुक्रवारी रात्रीच मी जुना शेवटचा डबा संपवून, एरवी ओट्यावर असते ती, तशीच स्टीलची नव्या तेलाची बादली रिकामी केली होती, धुऊन ओट्याखाली पालथी घातली होती. शनिवारी नवा डबा फोडायचा, असं मनात होतं आणि तोटीच्या भानगडीत राहून गेलं. मी वाकून बघितलं. ती बादली ओट्याखाली पालथीच होती.

मग शनिवारी ताईने वरून घातलेलं ते नवं तेल कुठलं होतं?

मला कळलं होतं. खरं सांगायचं तर तिथेच, त्या डब्यांपाशी उकिडवं बसल्या बसल्या सगळं कळलं होतं, पण मन मानत नव्हतं. मी जिन्याच्या दोन दोन पायऱ्या गाळत वर गेलो.

ताई पलंगाच्या कडेला बसली होती. मुंगी उशीला टेकून पडलेली, डोळे उघडे, ओठ सुकलेले. शेजारी दवाखान्यात न्यायची पिशवी भरून ठेवलेली होती. टॉवेल, फ्रॉक, बाटली.

"ताई, शनिवारी धाकटीत तेल कमी होतं?"

"झालं सुरू पुन्हा?" ती थकून म्हणाली. "हो, कमी होतं. बटाटा तेल पितो, तुला माहीत नाही का?"

"मग?"

"मग काय, वरून ओतलं. नवं. डॉक्टरांनाही शंभरदा सांगितलं."

"कुठून घेतलंस?"

"ओट्यावरच्या बादलीतून. तूच भरून ठेवलेली ना."

"नीट बघितलंस?"

ती चिडली. "म्हणजे काय? झाकण काढलं, वास घेतला, बोट बुडवून बघितलं. कोरं तेल होतं. वासाचा मागमूस नाही, रंग असा की तळ दिसत होता. मला काय तेल कळत नाही? जन्म गेला माझा त्यात!"

तिला खरंच कळत नव्हतं. ती माझ्याकडे रागाने बघत होती आणि तिला काहीही कळलेलं नव्हतं.

वर्षापूर्वी हे होऊच शकलं नसतं. वर्षापूर्वी थोरलीतल्या तेलाची बादली कुणी ओट्यावर ठेवली असती, तर ताईने जिन्यातूनच आरडाओरडा केला असता. तो माशांचा, कोळंबीचा वास लपवून लपला नसता. पण आता त्यातला रंग मी काढला होता, वास मी काढला होता. पावडरीने रंग, वास आणि आंबटपणा निघतो, पावडरवाला म्हणाला होता. कोळंबीही निघते असं तो कधी म्हणालाच नव्हता. आम्हीच डोळ्यांनी आणि नाकाने ठरवून टाकलं की गेली. बादली ओट्यावर मी ठेवली, हे खरं. आणि ताईने ती उचलून, खात्री करून घेऊन, स्वतःच्या हाताने लेकीच्या कढईत ओतली, हेही तितकंच खरं.

"मामा," मुंगी उठून बसली होती. "सापडलं?"

ती माझं तोंड वाचत होती. पोरं वाचतात. ताईनेही एकदम माझ्याकडे बघितलं.

आता सांगायलाच हवं होतं. नाही म्हटलं असतं तर संध्याकाळी नळी. आणि खरं सांगितलं असतं तर? आईने ओतलं, असं सांगितलं असतं तर? शनिवारपासून ही पोर सगळ्या जगाला घाबरून होती, पण आईचा हात तिने एकदाही सोडला नव्हता. झोपेतसुद्धा ताईच्या पदराचं टोक मुठीत धरायची. तोच हात, असं तिला सांगायचं? मग ती कुणाच्या हातचं खाईल? आणि खोटं कशाला बोलू, दुसरंही मनात आलं. तीन दिवस मी ऐकून घेत होतो, माझी भुकटी, माझं विष. एकदा वाटलं, सांगावं सगळं, होऊ दे जे व्हायचं ते.

"सापडलं," मी म्हणालो. "माझ्यामुळे झालं."

"कसं?"

"थोरल्या कढईतलं तेल मी गाळून बादलीत ठेवलं होतं. त्यात कोळंबी तळलेली होती. गाळल्यावर ते अगदी नव्यासारखं दिसतं. आणि मी आईला म्हणालो, हे नवं आहे, तुझ्या कढईत घाल."

"अरे, पण तू तर तेव्हा..." ताई म्हणाली आणि थांबली.

मी तिच्याकडे बघत होतो, म्हणून मला ते दिसलं. आधी तिला वाटलं मी चुकतोय, तेव्हा मी दुकानात नव्हतोच, वॉशर आणायला गेलो होतो. मग तिला बादली आठवली असणार. मग तिने बुडवलेलं ते बोट. तिचा उजवा हात मांडीवर होता, तो तिने उलटा केला आणि त्याच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा असा पांढरा पडला की मला वाटलं, आता ही कोसळते.

मी वाट बघितली. मला वाटलं ती म्हणेल, नाही गं मुंगे, मामा उगाच स्वतःवर घेतोय. ताई खोट्याला कधी थारा देणारी नाही. गिऱ्हाइकाला एक काप कमी गेला तर हाक मारून परत बोलावणारी बाई ती. पण ती काही बोलली नाही. तोंड उघडलं आणि मिटलं. आणि मला राग आला. मीच हे सुरू केलं होतं, तिने गप्प राहावं म्हणूनच केलं होतं, आणि ती गप्प राहिली म्हणून मला राग आला.

मुंगी विचार करत होती. "आईने वास घेतला ना पण?"

"घेतला. त्याला वासच नव्हता. माझ्या पावडरीने काढला होता."

"म्हणजे आईला कळणारच नव्हतं."

"नाही."

"पण तुला माहीत होतं ना, ते कुठलं तेल ते?"

मी हो म्हणालो.

"मग तू नवं का म्हणालास?"

याचं उत्तर मी तयार केलेलं नव्हतं. खोटं बोलायची सवय नसली की असं होतं, पहिल्या वळणावरच गाडी अडते. "चुकून," मी म्हणालो. "माझं लक्ष नव्हतं गं. मी तोटीच्या नादात होतो."

मुंगीने खाली बघितलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. ती हिशेब करत होती, घाबरलेलं माणूस करतं तसा.

"म्हणजे पुन्हा पण तुझं लक्ष नसेल," ती म्हणाली. चिडून नाही, नुसतं सांगितल्यासारखं.

"म्हणून तर," मी म्हणालो, "आता तुझं सगळं आई करणार. तुझा भात, तुझं दूध, तुझे बटाटे. मी हातसुद्धा लावणार नाही. आईला आता माहीत झालंय कशाने होतं ते. ती गाळलेलं तेल तुझ्याजवळ येऊच देणार नाही. हो ना ताई?"

ताईने मान हलवली.

मुंगीने आईकडे बघितलं, मग बशीकडे. "यात तेल आहे?"

"नाही," ताई म्हणाली. आवाज कुजबुजल्यासारखा. "भात आणि मीठ. मीच केलाय."

"मामाने हात नाही लावला?"

"नाही."

"मग दे."

ताईने चमचा उचलला आणि तो अर्ध्यावर थांबला. भाताची शितं पलंगावर सांडली. ती आपल्याच हाताकडे असं बघत होती जसा तो दुसऱ्या कुणाचा असावा. मुंगीने तोंड उघडलं होतं. तीन दिवसांत पहिल्यांदा उघडलं होतं, आणि आई पुढे येईना, म्हणून ते हळूहळू मिटायला लागलं.

"भरव ना!" मी खेकसलो. "बघत काय बसलीस?"

ताई दचकली आणि चमचा पुढे गेला. मुंगीने घास घेतला. चावला नाही, जिभेवर ठेवून थांबली, वाट बघितली. ताईचा श्वास थांबला होता, माझाही. मग मुंगीने गिळलं. एक हात गळ्यावर धरून बसली. काही झालं नाही. तिने पुन्हा तोंड उघडलं.

ताई भरवत राहिली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि पुसायला हात मोकळा नव्हता. तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी जरा पुढे झालो, पाण्याची बाटली द्यावी म्हणून.

"मामा, तू नको," मुंगी भरल्या तोंडाने म्हणाली. "तू तिकडेच थांब."

मी तिथेच थांबलो. ती खात होती आणि खाता खाता तिची नजर माझ्या हातांवर होती, ते कुठे जातात, कशाला लागतात. मी ते पाठीमागे घेतले आणि बशी संपेपर्यंत तसाच उभा राहिलो.